बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म: ३ जून १८९०, कोल्हापूर; मृत्यू: १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपट-दिग्दर्शक होते. परदेशी कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९१८ मध्ये कोल्हापुरात चलच्चित्रणाचा कॅमेरा तयार केला आणि त्यावर आपले मूकपट चित्रित केले. ते कलामहर्षी या उपाधीने ओळखले जातात.

== पूर्वायुष्य ==
बाबूरावांचा जन्म कारागिरांच्या घराण्यात झाला. चित्रकलेचे किंवा यंत्रविद्येचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. चुलतबंधू आनंदराव पेंटर यांच्याबरोबर ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवीत. या कामात दोघांचा एवढा लौकिक झाला की मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव रूढ झाले. दादासाहेब फाळके यांचा ''राजा हरिश्चंद्र'' १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर दोघांनाही चित्रपटाचे वेड लागले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रक्षेपक आणला आणि चित्रपट दाखवीत असतानाच त्याच्या यंत्रणेचा अभ्यास केला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले आणि कॅमेरा बनवण्याचा संकल्प एकट्या बाबूरावांवर येऊन पडला.

== देशी कॅमेरा ==
फाळके यांनी आपला विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणला होता. तशी खरेदी कोल्हापूरच्या या मंडळींच्या ऐपतीबाहेरची होती. तेव्हा कॅमेरा घरीच घडवायचा, असे ठरले. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी हे काम १९१८ मध्ये तडीस नेले.

अडचण मुख्यतः मोजमापाची होती. चलच्चित्रणाच्या कॅमेऱ्यात फिल्म सलग सरकत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती भिंगामागे क्षणभर स्थिर राहावी लागते. ती पुढे ओढली जात असताना झडप बंद असावी लागते, नाहीतर चित्र ओघळते. मूकपटाच्या काळात हाताने दांडा फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रे घेत. म्हणजे फिल्मच्या कडेची छिद्रे, त्यांत अडकणारे दाते आणि झडप यांचा मेळ सेकंदात १६ वेळा अचूक जमायला हवा. दात्यात केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. हे सर्व भाग हाताने घडवून एकमेकांशी जुळवले गेले, ही या कॅमेऱ्याची खरी थोरवी म्हणावी लागेल. त्याच्या पहिलेपणाविषयीचा वाद त्यापुढे गौण आहे.

== महाराष्ट्र फिल्म कंपनी ==
कॅमेरा असला तरी भांडवल नव्हते. ते गायिका तानीबाई कागलकर यांनी पुरवले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कंपनीचा पहिला मूकपट ''सैरंध्री'' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या. भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब होता की त्या दृश्यावर कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. पुढे ''सिंहगड'' (१९२३) या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा वापर झाला. रंगीत भित्तिपत्रके बाबूराव स्वतः रंगवीत.

== सावकारी पाश ==
पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांत यश मिळत असताना १९२५ मध्ये बाबूरावांनी ''सावकारी पाश'' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. सावकाराच्या फसवणुकीने जमीन गमावून शहरातील गिरणीची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली.

हा विषय महाराष्ट्राला नवा नव्हता. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे या गावी १८७४ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार टाकला होता. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला आणि सावकारांचे गहाणखत व कर्जरोखे जाळण्यात आले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडचा भागही त्याच तालुक्यात मोडे. या उठावानंतर सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. तरीही पन्नास वर्षांनंतर हा प्रश्न पडद्यावर आणावासा वाटावा, इतका तो शिल्लक होता. अंधारातील झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे हे त्यातील दृश्य प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. भडक देखाव्यांना सरावलेल्या प्रेक्षकांकडून मात्र चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. बाबूरावांनी १९३६ मध्ये तो बोलपटाच्या रूपात पुन्हा केला. मूळ मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही.

== उत्तरायुष्य ==
दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे महाराष्ट्र फिल्म कंपनीतच तयार झाले. १९२९ मध्ये ते कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. कॅमेरा घडवताना बाबूरावांच्या शेजारी बसणारे हातही अशा रीतीने गेले. बोलपटांविषयी बाबूरावांना फारशी ओढ नव्हती, आणि बोलपटांच्या आगमनाबरोबर त्यांची कंपनी बंद पडली. प्रभात १९३३ मध्ये पुण्यात आली. तिच्या कलागृहाच्या जागेत आज भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था आहे.

नंतरच्या काळात बाबूराव चित्रकला व शिल्पकलेकडे वळले. शांताराम यांच्या बोलावण्यावरून ''लोकशाहीर राम जोशी'' (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनात त्यांनी भाग घेतला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.