अनवाणी गड्यांचा कर्णधार

डॉ. तालिमेरेन आओ यांचा जन्म १९१८ सालीं आसामाकडील नागा डोंगरांत चांगकी गांवीं झाला. वडील रेव्ह. सुबोंगवती हे इम्पूरच्या मिशन ठाण्यांत पाळक होते. मुलानें डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची मोठी इच्छा. १९३५ सालीं ते वारले, परंतु मुलानें ती इच्छा विसरूं दिली नाहीं. कलकत्त्यास वैद्यकी शिकत असतां तालिमेरेन मोहन बागान संघांत फुटबॉल खेळत.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक खेळांत स्वतंत्र भारताच्या पहिल्या फुटबॉल संघाचे ते कर्णधार झाले. आपले बहुतेक गडी अनवाणीच खेळले. (खेड्यांतील वाचकांस यांत नवल तें काय!) फ्रान्सनें २-१ असा जय मिळविला. भारताचे पेनल्टीचे दोन फटके वायां गेले नसते, तर निकाल कदाचित निराळा लागता.

एवढा लौकिक झाल्यावर कलकत्त्यांतच राहण्याचा मोह कोणास झाला नसता? तालिमेरेन यांनीं १९५० सालीं डॉक्टरीची परीक्षा उतरून डोंगरांची वाट धरिली, आणि कोहिमाच्या सरकारी इस्पितळांत ते रोगी तपासूं लागले. पुढें ते नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक झाले, व १९७८ सालीं निवृत्त होईपर्यंत त्याच सेवेंत राहिले. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें.