विश्लेषण : तेलाआधी विद्यार्थी शोधणारे सेसिल ग्रीन कोण होते? त्यांनी भूभौतिकीला काय दिले?

जमिनीखाली किंवा समुद्रतळाखाली तेल कुठे आहे, हे खोदण्याआधी सांगणारे शास्त्र म्हणजे शोधात्मक भूभौतिकी. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचा पहिला सुगावाही १९६०च्या दशकातील अशाच सर्वेक्षणातून लागला होता. मात्र या शास्त्राकडे हुशार विद्यार्थी सहसा वळत नाहीत. ही अडचण आजची नाही. सात दशकांपूर्वी अमेरिकेत सेसिल ग्रीन यांनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता.

कोण होते सेसिल ग्रीन?

ग्रीन यांचा जन्म ६ ऑगस्ट १९०० रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ झाला. कुटुंब आधी कॅनडात आणि मग सॅन फ्रान्सिस्कोत गेले. तिथे १९०६ चा विनाशकारी भूकंप झाला तेव्हा ते लहान होते. त्यानंतर कुटुंब व्हँकुव्हरला स्थिरावले. ग्रीन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी घेतली. १९२६ मध्ये आयडा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भूगर्भशास्त्राशी तोवर त्यांचा काही संबंध नव्हता.

तेलशोधाकडे कसे वळले?

१९३० मध्ये जॉन कार्चर आणि यूजीन मॅकडरमॉट यांनी जिओफिजिकल सर्व्हिस इनकॉर्पोरेटेड (जीएसआय) ही कंपनी स्थापन केली. जमिनीत छोटा स्फोट घडवायचा, खडकांच्या थरांवर आदळून परतणाऱ्या लहरी वर नोंदवायच्या आणि त्यांना लागलेल्या वेळावरून थरांची खोली काढायची, हे तिचे तंत्र. ग्रीन त्याच वर्षी ओक्लाहोमातील एका सर्वेक्षण पथकाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. काम फिरतीचे. एका भागाची नोंद संपली की मुक्काम हलवायचा. या काळात आयडाही त्यांच्याबरोबर फिरल्या.

६ डिसेंबर १९४१ रोजी मॅकडरमॉट, ग्रीन, एरिक जॉन्सन आणि एच. बी. पीकॉक या चौघांनी कंपनी विकत घेतली. दुसऱ्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. युद्धकाळात कंपनीने लष्करासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवली. त्यातूनच पुढे १९५१ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स उभी राहिली. जीएसआय तिची उपकंपनी झाली आणि ग्रीन जीएसआयचे अध्यक्ष.

विद्यार्थी योजना काय होती?

अध्यक्ष झाल्यावर ग्रीन यांच्यापुढे यंत्रांपेक्षा माणसांचा प्रश्न मोठा होता. गणित, भौतिकशास्त्र आणि भूगर्भशास्त्र एकत्र हाताळू शकणारे तरुण विद्यापीठांतून फारसे बाहेर पडत नव्हते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला या क्षेत्राची माहितीच नसे आणि भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याचे गणित कमी पडे. पदवीनंतर जाहिरात देऊन ही दरी बुजणार नव्हती.

म्हणून १९५१ मध्ये एमआयटीतील भूगर्भशास्त्र विभागाचे प्रमुख रॉबर्ट श्रॉक यांच्या साथीने विद्यार्थी सहकार्य योजना सुरू झाली. निवडलेल्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत पगारावर जीएसआयच्या पथकांत काम करायचे, तज्ज्ञांकडून शिकायचे आणि पुन्हा वर्गात परतायचे. पुढे इतर विद्यापीठांचे विद्यार्थीही त्यात आले.

त्यात कंपनीचा स्वार्थ नव्हता का?

होता, आणि तो लपवलेलाही नव्हता. चांगले विद्यार्थी आधीच पारखून घेण्याची ही सोय होती. पण फायदा एकट्या जीएसआयचा झाला नाही. योजनेतून तयार झालेला विद्यार्थी दुसऱ्या कंपनीत किंवा संशोधनात गेला, तरी क्षेत्राला एक माणूस मिळत होता.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाने काय बदलले?

याच सुमारास एमआयटीत एन्डर्स रॉबिन्सन हा विद्यार्थी भूकंपलहरींच्या कागदी नोंदी आकड्यांत उतरवून, गणिताने त्यांतला गोंगाट वेगळा काढण्याच्या प्रयत्नात होता. हे काम पुढे नेण्यासाठी १९५३ ते १९५७ या काळात तेल व सर्वेक्षण कंपन्यांच्या पैशावर जिओफिजिकल अ‍ॅनालिसिस ग्रुप चालला. त्याची मदार विद्यार्थ्यांवरच होती. त्या काळचे संगणक हे काम स्वस्तात करू शकत नव्हते, त्यामुळे अनेकांना ते अव्यवहार्य वाटले. पण १९६०च्या दशकात जीएसआयसह इतर कंपन्यांनी डिजिटल नोंदणी स्वीकारली आणि तेलशोधाची पद्धतच पालटली. आजच्या भूकंपलहरी सर्वेक्षणातील संगणकीय प्रक्रियेचा पाया तिथे आहे.

पुढे काय झाले?

ग्रीन दाम्पत्याला मूल नव्हते. त्यांनी आपली संपत्ती शिक्षण आणि वैद्यकाला दिली. एमआयटीतील भूविज्ञानाची उंच ग्रीन इमारत, तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांसाठी आयडा यांच्या नावाची शिष्यवृत्ती, ऑक्सफर्ड आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतील ग्रीन कॉलेज ही त्यांपैकी काही. मॅकडरमॉट आणि जॉन्सन यांच्यासह डॅलसमध्ये त्यांनी उभारलेल्या संशोधन केंद्राचे १९६९ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत रूपांतर झाले. आयडा १९८६ मध्ये गेल्या, तर सेसिल ११ एप्रिल २००३ रोजी, वयाच्या १०२व्या वर्षी.

आज हा धडा महत्त्वाचा का?

तेलाचे भाव चढले की कंपन्या भरती करतात आणि पडले की दारे बंद होतात. विद्यार्थी हे पाहतात आणि दुसरी वाट धरतात. पुढची तेजी येते तेव्हा अनुभवी माणसे उरलेली नसतात. भूजल, खनिजे, भूऔष्णिक ऊर्जा आणि भूकंपाचा अभ्यास यांनाही हीच माणसे लागतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८८ मध्ये जीएसआयमधील मोठा हिस्सा हॅलिबर्टनला विकला आणि पुढे कंपनीचे स्वतंत्र अस्तित्व संपले. तिच्या पथकांत एक उन्हाळा घालवलेले विद्यार्थी मात्र तोवर स्वतः इतरांना शिकवू लागले होते.