शब्दांचा उपासक : याकोब ग्रिम

हिमगौरी आणि तिचे सात बुटके सोबती, सावत्र आईचा छळ सोसून राणीपदाला पोचलेली सिंड्रेला, आजीच्या वेषात बिछान्यात दडलेला लबाड लांडगा, या साऱ्यांशी तुमची ओळख लहानपणीच झाली असेल. या कथा ज्या संग्रहामुळे जगभर पसरल्या, तो जर्मनीतील दोन भावांनी तयार केला. थोरला याकोब ग्रिम आणि धाकटा विल्हेल्म ग्रिम. परंतु कथासंग्रह हे त्यांच्या कार्याचे केवळ एक अंग होय. आज जगातील अनेक विद्यापीठांत जर्मन भाषा, तिचे साहित्य आणि तिची संस्कृती यांचे अध्ययन चालते. आपल्याकडे मुंबई व पुणे येथील विद्यापीठांतही ते चालते. या अध्ययनाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत याकोब ग्रिमचे नाव अग्रभागी आहे.

याकोबचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजी हानाऊ या गावी झाला. विल्हेल्म त्याच्याहून सुमारे एका वर्षाने लहान. त्या काळी जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. तेथे लहानमोठी शेकडो संस्थाने होती. प्रत्येकाचा राजा निराळा, कायदा निराळा आणि नाणेही निराळे. या सर्वांना जोडणारा मोठा धागा एकच होता, तो म्हणजे भाषा.

याकोबचे वडील कायद्याचे जाणकार होते. १७९१ साली ते श्टाईनाऊ येथे न्यायाधिकारी म्हणून गेले. तेथील प्रशस्त घर, भोवतालची शेते आणि ओढे यांत या भावंडांचे बालपण आनंदात गेले. पण हे सुख फार दिवस टिकले नाही. १७९६ च्या जानेवारीत वडील फुप्फुसदाहाने वारले. सरकारी घर सोडावे लागले. पाच भाऊ आणि एक बहीण यांत याकोब सर्वांत वडील. त्याचे वय अवघे अकरा वर्षांचे! त्या कोवळ्या वयातच घराची काळजी त्याच्या वाट्याला आली.

या कठीण प्रसंगी त्यांची मावशी धावून आली. ती कासेल येथील राजवाड्यात राणीच्या सेवेत होती. तिने १७९८ साली दोघा भावांना कासेलच्या शाळेत घातले. आपल्या शिक्षणासाठी दुसऱ्याला झीज सोसावी लागत आहे, याची जाणीव दोघांना सतत होती. त्यामुळे ते रात्रंदिवस अभ्यास करीत. १८०२ साली याकोब मारबुर्गच्या विद्यापीठात दाखल झाला आणि पुढील वर्षी विल्हेल्मही तेथे आला. सधन जमीनदारांच्या मुलांना सरकारी विद्यावेतन मिळत असे, परंतु विधवेच्या या मुलांना ते मिळाले नाही. याकोबने त्याबद्दल रडगाणे गायिले नाही. गरिबीने आपल्याला उद्योगी बनविले, असेच तो पुढे म्हणत असे.

दोघे भाऊ कायद्याचा अभ्यास करू लागले, कारण वडिलांचा मार्ग तोच होता. जर्मन भाषेचे अध्ययन हा विषय त्या काळी विद्यापीठांत जवळजवळ नव्हताच. लॅटिन आणि ग्रीक या भाषा विद्वानांच्या मानल्या जात. शेतकऱ्याची, विणकराची, आजीबाईची भाषा अभ्यासण्याजोगी आहे, असे फार थोड्यांना वाटे. मारबुर्गला साविन्यी नावाचे कायद्याचे एक तरुण प्राध्यापक होते. कायदा समजायचा तर त्याचा इतिहास शोधला पाहिजे आणि जुनी कागदपत्रे स्वतः तपासली पाहिजेत, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या घरी मोठा ग्रंथसंग्रह होता. एके दिवशी तेथे याकोबच्या हाती मध्ययुगातील जर्मन कवींच्या गीतांचा एक ग्रंथ लागला. त्यातील भाषा ओळखीची, तरीही अनोळखी होती. आपल्याच भाषेचे हे जुने रूप पाहून तो विस्मित झाला.

१८०५ साली साविन्यींनी त्याला मदतनीस म्हणून पॅरिसला बोलावून घेतले. दिवसभर तो त्यांच्यासाठी कायद्याची हस्तलिखिते उतरून काढी आणि सवड मिळताच जुन्या जर्मन काव्याची पोथी शोधी. या प्रवासातच पत्रांतून दोघा भावांनी निश्चय केला, की यापुढे आपण कधी वेगळे राहायचे नाही. तो निश्चय त्यांनी जन्मभर पाळला. विल्हेल्मचे लग्न झाल्यावरही अविवाहित याकोब त्याच्याच घरी राहिला.

परत आल्यावर याकोबला कासेलच्या युद्धखात्यात तुटपुंज्या पगाराची नोकरी मिळाली. इतक्यात, १८०६ साली, नेपोलियनच्या सैन्याने कासेल जिंकले. पुढील वर्षी नेपोलियनचा भाऊ जेरोम तेथे राजा झाला. दरबारात फ्रेंच भाषा आली. याकोबची नोकरी सुटली. १८०८ च्या मे महिन्यात आईही वारली. तेवीस वर्षांच्या याकोबवर पाच भावंडांचा भार पडला. सुदैवाने त्याच वर्षी नव्या राजाच्या ग्रंथालयात त्याला जागा मिळाली.

परकीयांच्या राज्यात आपली भाषा आणि आपल्या कथा यांचे मोल या भावांना अधिकच कळले. त्यांनी तोंडोतोंडी चालत आलेल्या लोककथा जमविण्यास आरंभ केला. शेजारच्या कुटुंबांतील मुली त्यांना गोष्टी सांगत. कासेलजवळच्या गावातील दोरोथेया फीमान ही शिंप्याची बायको भाजी विकण्यास शहरात येई. ती एका खाणावळवाल्याची मुलगी. बालपणी वाटसरूंच्या तोंडून ऐकलेल्या अनेक गोष्टी तिला मुखोद्गत होत्या. भाजीची टोपली खाली ठेवून ती सांगू लागे आणि हे दोघे विद्वान तिच्यापुढे शिष्यासारखे बसून टिपून घेत. १८१२ साली संग्रहाचा पहिला भाग निघाला. त्यात ८६ कथा होत्या. १८१५ साली दुसऱ्या भागात आणखी ७० कथा आल्या. पुढे विल्हेल्मने या कथांवर पुनःपुन्हा हात फिरवला.

याकोबचे मन मात्र भाषेच्या मुळाशी जाऊ पाहत होते. विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्यास असे प्रतिपादन केले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. या विचाराने युरोपातील विद्वानांत मोठी खळबळ उडाली होती. याकोबने जर्मन भाषेचे व्याकरण लिहावयास घेतले. त्याचा पहिला खंड १८१९ साली निघाला. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. त्याने तो खंड जवळजवळ संपूर्ण नव्याने लिहून १८२२ साली पुन्हा प्रसिद्ध केला.

त्या ग्रंथात त्याने एक नियम मांडला. संस्कृतातील पितृ या शब्दाला जर्मनमध्ये फाटर म्हणतात आणि इंग्रजीत फादर. संस्कृत पशु, तर जर्मन फी म्हणजे गुरेढोरे. संस्कृत पाद, तर इंग्रजी फूट. येथे प्रत्येक ठिकाणी प च्या जागी फ आला आहे. तसेच त्रि आणि थ्री यांत त चा थ झाला. दश आणि टेन, द्वि आणि टू यांत द चा ट झाला. म्हणजे शब्दांचे हे बदल मन मानेल तसे झालेले नाहीत; त्यांना नियम आहेत. डेन्मार्कचा विद्वान रास्क याने यांतील पुष्कळ गोष्टी १८१८ साली दाखविल्या होत्या. याकोबने त्या व्यवस्थित नियमांत बसविल्या. आज हा नियम ग्रिमच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या घरातील दोन, तीन, पाय हे साधे शब्द दूरच्या जर्मनीतील शब्दांचे आप्त आहेत, हे या नियमामुळे ध्यानात येते.

१८३० साली दोघे भाऊ हानोव्हर राज्यातील ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात गेले. याकोब तेथे प्राध्यापक आणि ग्रंथपाल झाला. जो विषय विद्यार्थी असताना त्याला कोणी शिकविला नव्हता, तोच तो आता इतरांना शिकवू लागला. जर्मन भाषेचे व्याकरण, जुने कायदे, जुने साहित्य यांवर तो व्याख्याने देई. १८३५ साली जर्मन लोकांच्या प्राचीन देवदेवतांवरील त्याचा मोठा ग्रंथ बाहेर पडला. मान, पगार, ग्रंथ, विद्यार्थी, सर्व काही त्याला लाभले होते. अशा वेळी त्याची खरी कसोटी लागली.

१८३७ साली एर्न्स्ट आउगुस्ट हा हानोव्हरचा राजा झाला. १८३३ साली तेथे एक राज्यघटना मंजूर झाली होती आणि राजाच्या सत्तेला तिने मर्यादा घातली होती. नव्या राजाने १ नोव्हेंबर रोजी ती घटना एका फर्मानाने रद्द केली. सरकारी नोकरांनी त्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली होती. आता ती मोडून राजाशी निष्ठा वाहा, असा हुकूम निघाला. विद्यापीठात कुजबुज सुरू झाली. पण पगार आणि घरदार कोण पणाला लावणार? बहुतेकांनी मौन धरले. सातच प्राध्यापक पुढे आले. त्यांत दोघे ग्रिम बंधू होते. घेतलेली शपथ मोडणारा शिक्षक विद्यार्थ्यांना सत्य काय शिकविणार, हा त्यांचा सवाल होता. १८ नोव्हेंबर रोजी त्यांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. विद्यार्थ्यांनी रातोरात त्या पत्राच्या नकला करून ते देशभर पोचविले.

राजा संतापला. १४ डिसेंबर रोजी सातही जणांना बडतर्फ करण्यात आले. याकोब आणि इतर दोघे यांना तीन दिवसांत राज्य सोडून जाण्याची आज्ञा झाली. ऐन हिवाळ्यात तो निघाला. शेकडो विद्यार्थी कित्येक मैल पायी चालत आपल्या गुरूंना निरोप देण्यासाठी सीमेपर्यंत आले. सीमा ओलांडताना एका वृद्ध स्त्रीने आपल्या नातवाला पुढे केले आणि या निर्वासित गृहस्थांशी हस्तांदोलन कर, असे त्याला सांगितले. ज्या भूमीत आपण अध्यापन केले, तेथून आपण निर्वासित म्हणून जात आहो, हे याकोबच्या मनाला फार लागले. तथापि आपल्या कृतीचा त्याला कधीही पश्चात्ताप झाला नाही.

दोघे भाऊ पुन्हा कासेलला आले. नोकरी नाही, उत्पन्न नाही. जर्मनीतील अनेक नागरिकांनी वर्गणी जमवून या सातांना साहाय्य केले. १८३८ साली लाइपत्सिगच्या प्रकाशकांनी त्यांच्यापुढे एक योजना ठेवली. ती होती जर्मन भाषेच्या महाकोशाची. सोळाव्या शतकातील ल्यूथरपासून गटेपर्यंतच्या लेखकांनी वापरलेला प्रत्येक शब्द त्यात घ्यावयाचा, त्याचे मूळ शोधावयाचे आणि कोणत्या लेखकाने तो कसा योजिला, हे दाखवावयाचे. सुमारे दहा वर्षांत सहा-सात खंडांत काम पुरे होईल, असा अंदाज होता. अनेक अभ्यासकांनी ग्रंथ वाचून लाखो चिठ्ठ्या लिहून धाडल्या. १८४१ साली प्रशियाच्या राजाच्या निमंत्रणावरून दोघे बर्लिनला गेले आणि तेथे कोशाचे काम चालू राहिले.

याकोब केवळ पोथ्यांत बुडालेला पंडित नव्हता. १८४८ साली फ्रांकफुर्ट येथे सर्व जर्मनीची लोकसभा भरली, तेव्हा तो तिचा सभासद होता. जर्मन भूमीवर कोणीही गुलाम असू नये आणि तेथे पाऊल ठेवणारा परका गुलामही मुक्त व्हावा, असे कलम त्याने सुचविले. ते मंजूर झाले नाही. पण शब्दांवर प्रेम करणारा हा मनुष्य माणसांनाही विसरला नव्हता.

कोशाचा पहिला खंड १८५४ साली पूर्ण झाला. १६ डिसेंबर १८५९ रोजी विल्हेल्म वारला. साठ वर्षांहून अधिक काळ शेजारी बसून वाचणारा, लिहिणारा सोबती गेला. याकोब तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. तरीही त्याची लेखणी थांबली नाही. अ, ब, क, ए अशी अक्षरे संपवून तो एफ या अक्षरापर्यंत आला. फ्रुख्ट, म्हणजे फळ, या शब्दावर काम चालू असतानाच २० सप्टेंबर १८६३ रोजी त्याने देह ठेवला.

पुढे अनेक पिढ्यांतील विद्वानांनी तो कोश चालू ठेवला. दोन महायुद्धे झाली. जर्मनीचे दोन तुकडे झाले. तरी पूर्वेकडील बर्लिन आणि पश्चिमेकडील ग्यॉटिंगेन येथील अभ्यासक मिळून हे काम करीत राहिले. १९६१ साली, आरंभापासून १२३ वर्षांनी, तीन लाखांहून अधिक शब्दांचा हा कोश ३२ ग्रंथांत पूर्ण झाला. ज्या ग्यॉटिंगेनमधून राजाने याकोबला हाकलून दिले होते, त्याच गावाने त्याचे अपुरे राहिलेले कार्य तडीस नेण्यास हातभार लावला.