एमिल क्रिश्चन हॅन्सन

एमिल क्रिश्चन हॅन्सन (जन्म: ८ मे १८४२, रिबे, डेन्मार्क, मृत्यू: २७ ऑगस्ट १९०९, हॉर्नबेक, डेन्मार्क) हे डॅनिश कवकशास्त्रज्ञ आणि किण्वनशास्त्रज्ञ होते. यीस्टच्या एका पेशीपासून शुद्ध वाण वाढवून ते कारखान्याच्या प्रमाणावर वापरण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. बिअर गढूळ होणे, कडवट होणे आणि तिला दुर्गंधी येणे या विकृतींमागे केवळ जीवाणूच नव्हे, तर रानटी यीस्टही असते, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. १८७९पासून मृत्यूपर्यंत ते कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या शरीरक्रियाविज्ञान विभागाचे प्रमुख होते.

सुरुवातीचे जीवन

हॅन्सन यांचा जन्म डेन्मार्कच्या पश्चिम भागातील रिबे या जुन्या गावात एका गरीब कुटुंबात झाला. वडील घरे रंगविण्याचे काम करीत. आई कपडे धुण्याचे काम करीत असे. रंगभूमीवर नट व्हावे अशी हॅन्सन यांची इच्छा होती, परंतु घरच्या परिस्थितीमुळे त्यांना लहान वयातच कामाला लागावे लागले. काही काळ किराणा दुकानात उमेदवारी केल्यावर ते वडिलांच्याच व्यवसायात शिरले आणि रंगारी म्हणून काम करू लागले. चित्रकार होण्याचा त्यांचा प्रयत्नही सफल झाला नाही.

पुढे त्यांनी होल्स्टाइनबोर्ग येथील जहागिरीत खासगी शिक्षकाची नोकरी धरली. त्या परिसरातील एका शाळाशिक्षकाच्या सहवासात त्यांना वनस्पतिशास्त्राची गोडी लागली. बरोबरीच्या मुलांपेक्षा बऱ्याच उशिरा त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश मिळविला. शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या. प्राण्यांच्या शेणावर वाढणाऱ्या डेन्मार्कमधील कवकांवरील त्यांच्या निबंधास १८७६ मध्ये विद्यापीठाचे सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी त्यांनी आल्फ्रेड यॉर्गेनसेन यांच्यासह चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला.

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा

जे. सी. जेकबसन (१८११–१८८७) यांनी १८४७ मध्ये कोपनहेगनजवळ कार्ल्सबर्ग हा बिअरचा कारखाना सुरू केला. खालच्या थरात बसणाऱ्या यीस्टने थंड तापमानात आंबविलेली बव्हेरियन पद्धतीची लागर बिअर ते बनवीत. त्यासाठीचे यीस्ट त्यांनी १८४५ मध्ये म्युनिकच्या श्पाटेन कारखान्यातून आणले होते. घोडागाडीच्या लांब प्रवासात थांब्याथांब्यावर यीस्टच्या भांड्यावर थंड पाणी ओतून त्यांनी ते जिवंत ठेवले, असे सांगितले जाते.

१८७५ मध्ये जेकबसन यांनी कारखान्याला जोडून प्रयोगशाळा स्थापन केली. माल्ट बनविणे, बिअर उकळणे व आंबविणे या प्रक्रियांचा शास्त्रीय पाया शोधणे हा तिचा हेतू होता. सैद्धांतिक किंवा व्यावहारिक महत्त्वाचा कोणताही निष्कर्ष गुप्त ठेवला जाऊ नये, असा नियम संस्थापकांनी घालून दिला होता. रसायन विभाग योहान केल्डाल यांच्याकडे, तर शरीरक्रियाविज्ञान विभाग १८७९ पासून हॅन्सन यांच्याकडे होता. बिअर आणि वर्ट (माल्टचा गोड अर्क) यांतील सूक्ष्मजीवांवरील प्रबंधास हॅन्सन यांना त्याच वर्षी डॉक्टरेट मिळाली.

गढूळपणाचा प्रश्न

एकोणिसाव्या शतकात बिअर काचेच्या पेल्यातून पिण्याची पद्धत रूढ झाली आणि नितळपणा हे चांगल्या बिअरचे लक्षण ठरले. परंतु एकाच कारखान्यातील एक घाणा स्वच्छ निघे, तर दुसरा आठवड्याभरात गढूळ होई. दोष कधी पाण्याला, कधी बार्लीला, तर कधी हवामानाला दिला जाई.

लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. बिअरच्या बिघाडाला बाहेरून शिरलेले सूक्ष्मजीव, मुख्यतः जीवाणू, कारणीभूत असतात असे त्यांनी त्यात दाखविले. त्यामुळे यीस्टमधून जीवाणू काढून टाकले की काम झाले, असा समज पसरला. हॅन्सन यांना हे उत्तर अपुरे वाटले. जीवाणू नसलेल्या यीस्टनेही बिअर बिघडत होती.

कारखान्यात यीस्ट हाताळण्याची रीत घरातील विरजणासारखी होती. आदल्या दह्यातील थोडे राखून पुढच्या दुधाला लावावे, तसे एका हौदाच्या तळाशी बसलेले यीस्ट पुढच्या हौदात घातले जाई. विरजण बिघडले की पुढचे प्रत्येक दही बिघडते. त्याचप्रमाणे यीस्टमध्ये एकदा परका वाण शिरला की तो घाण्यागणिक वाढत जाई. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या व वाईट यीस्टच्या पेशी बहुधा सारख्याच दिसत. केवळ आकारावरून त्यांची निवड करणे अशक्य होते.

एका पेशीपासून वाढ

प्रत्येक वाणाचे गुण वेगळे पाहायचे, तर त्याची सुरुवात एकाच पेशीपासून झाली पाहिजे, हे हॅन्सन यांनी ओळखले. दूध आंबविणारे जीवाणू वेगळे करण्यासाठी जोसेफ लिस्टर यांनी द्रावण पातळ करण्याची युक्ती वापरली होती. हॅन्सन यांनी तिला काटेकोर रूप दिले. ते यीस्ट पाण्यात मिसळून थेंबातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. नंतर सरासरी दोन थेंबांत एकच पेशी येईल इतके ते मिश्रण पातळ करीत आणि निर्जंतुक वर्टच्या अनेक कुप्यांत त्याचा एकेक थेंब सोडीत.

तरीही एखाद्या कुपीत दोन पेशी पडण्याची शक्यता उरे. यासाठी ते कुपी जोराने हलवून स्थिर ठेवीत. पेशी अलग होऊन तळाशी वा कडेला बसत आणि काही दिवसांनी यीस्टचे पांढरे ठिपके दिसू लागत. ज्या कुपीत एकच ठिपका उमटे, तिच्यातील वाढ एका पेशीची मानली जाई. पुढे त्यांनी जिलेटिन मिसळलेल्या वर्टचा पातळ थर काचेवर देऊन तो दमट कोठडीत ठेवण्याची पद्धत स्वीकारली. तीत एकटी पेशी डोळ्यांदेखत वाढताना पाहता येई व शंकेला जागा उरत नसे.

१८८३ची घटना

१८८३ मध्ये जेकबसन यांच्या जुन्या कार्ल्सबर्ग कारखान्यातील बिअरला कडवट चव आणि वाईट वास येऊ लागला. हॅन्सन यांनी तेथील यीस्टमधून वेगवेगळे वाण अलग केले व प्रत्येकाने स्वतंत्रपणे बिअर आंबवून पाहिली. त्यांपैकी एकाच वाणाने कारखान्याची नेहमीची चांगली बिअर तयार झाली; कडवटपणा व दुर्गंधी सॅकॅरोमायसीस पास्टोरियानस १ असे नाव दिलेल्या रानटी यीस्टमुळे आली होती.

म्युनिकहून आणलेले आणि जवळजवळ चार दशके जपलेले यीस्ट अशुद्ध झाले आहे, हे जेकबसन यांना प्रथम पटले नाही. प्रयोगांचे निकाल पाहिल्यावर मात्र त्यांनी हॅन्सन यांना कारखान्यात चाचणी घेऊ दिली. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी शुद्ध वाणाचा कारखान्यात प्रथम वापर झाला. हा वाण 'कार्ल्सबर्ग तळ-यीस्ट क्रमांक १' म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्षभराच्या आत कारखान्याचे सर्व उत्पादन शुद्ध यीस्टवर होऊ लागले.

जेकबसन यांनी हे यीस्ट व ही पद्धत स्वतःपुरती ठेवली नाही. प्रयोगशाळेच्या नियमास अनुसरून निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मागणी करणाऱ्या प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही शुद्ध यीस्ट देण्यात आले.

रानटी यीस्ट आणि गढूळ बिअर

पुढील प्रयोगांत हॅन्सन यांनी शुद्ध यीस्टमध्ये रानटी यीस्ट मुद्दाम मिसळून त्याचे परिणाम तपासले. सॅकॅरोमायसीस पास्टोरियानस ३ आणि सॅकॅरोमायसीस एलिप्सॉइडियस २ या वाणांमुळे बिअर गढूळ होते, असे त्यांत आढळले. चांगले तळ-यीस्ट किण्वन संपताना गुठळ्या करून खाली बसते. हे वाण मात्र तरंगत राहतात व साठवणीतही वाढतात.

रानटी यीस्ट लवकर ओळखता यावे म्हणून त्यांनी बीजाणूंचा आधार घेतला. ओल्या जिप्समच्या ठोकळ्यावर २५ अंश सेल्सिअस तापमानाला यीस्ट पसरले असता रानटी वाणांत सुमारे ४० तासांत बीजाणू दिसतात, तर लागवडीच्या यीस्टला अधिक वेळ लागतो. त्यामुळे बिअर गढूळ होण्याची वाट न पाहता यीस्ट आधीच तपासता येऊ लागले.

हे यीस्ट येते कोठून, याचाही त्यांनी शोध घेतला. कारखान्यातील व भोवतालच्या बागांतील हवेची तपासणी करता, फळे पिकण्याच्या ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत हवेत यीस्टच्या पेशी सर्वाधिक असतात असे दिसून आले. त्या काळी उकळलेला वर्ट उघड्या उथळ तबकांत थंड होत असे. तेथेच त्याला संसर्ग होई. फळांवरील एक यीस्ट हिवाळ्यात मातीत राहते आणि उन्हाळ्यात पुन्हा पिकल्या फळांवर पोहोचते, हेही त्यांनी दाखविले.

जुन्या कार्ल्सबर्गचे संचालक क्यूले यांच्या सहकार्याने त्यांनी शुद्ध यीस्ट मोठ्या प्रमाणावर वाढविण्याचे बंद धातूचे उपकरण तयार केले. त्यात निर्जंतुक वर्ट आणि कापसातून गाळलेली हवा सोडली जाई. तयार यीस्ट काढून घेताना थोडे आत राखले जाई, त्यामुळे दर वेळी प्रयोगशाळेतून नवे बीज आणावे लागत नसे.

प्रसार व आक्षेप

लागर बिअर बनविणाऱ्या देशांत ही पद्धत लवकर पसरली. नेदरलँड्समधील हेनेकेन कारखान्यात १८८६ मध्ये हार्टोग एलियन यांनी तेथील स्वतंत्र शुद्ध वाण अलग केला. इंग्लंडमध्ये मात्र तिला विरोध झाला. तेथील वरच्या थरात आंबणाऱ्या व दीर्घकाळ मुरविलेल्या बिअरची खास चव एका वाणाने येत नाही, असा तेथील व्यावसायिकांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. कार्ल्सबर्गमध्येच काम करणाऱ्या नील्स येल्टे क्लाउसेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखविले की, ही चव ब्रेटॅनोमायसीस या दुसऱ्या यीस्टमुळे येते. एका बिअरमध्ये रोग ठरणारे यीस्ट दुसरीत आवश्यक ठरू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

गढूळपणाची इतर कारणे

हॅन्सन यांच्या पद्धतीने सूक्ष्मजीवांमुळे येणारा गढूळपणा आटोक्यात आला. परंतु निर्जंतुक बिअरही गढूळ होऊ शकते. माल्टमधील प्रथिने आणि माल्टचे टरफल व हॉप्स यांतील पॉलिफिनॉले थंडीत एकत्र येऊन धुके तयार होते. बिअर गरम झाली की ते विरते. कालांतराने मात्र कायम होते. याला शीत गढूळपणा म्हणतात.

तो टाळण्यासाठी वर्ट जोरात उकळून प्रथिने साकळवितात, नंतर वेगाने थंड करतात आणि बिअर शून्य अंशाच्या आसपास काही आठवडे निवळू देतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी तसे माशाच्या वाताशयापासून केलेले आयझिंग्लास घालून यीस्ट तळाशी बसविण्याची रीत जुनी आहे. १९११ मध्ये लिओ वॉलरस्टाइन यांनी प्रथिनांचे विघटन करणारी विकरे वापरण्याचे एकस्व अमेरिकेत मिळविले. कच्च्या पपईच्या चिकातील पपेन हे त्यांपैकी प्रमुख विकर होय. आज सिलिका जेलही वापरतात आणि बिअर डायाटमी मातीतून गाळून घेतात. गव्हाच्या काही बिअर मात्र मुद्दाम गढूळ ठेवल्या जातात.

मृत्यू व वारसा

हॅन्सन यांचे २७ ऑगस्ट १९०९ रोजी निधन झाले. त्यापूर्वीच्या वर्षी त्यांनी कार्ल्सबर्गच्या यीस्टचे सॅकॅरोमायसीस कार्ल्सबर्गेन्सिस असे नामकरण केले होते. आता ते सॅकॅरोमायसीस पास्टोरियानस या जातीत मोडते. हे यीस्ट दोन जातींचा संकर असून त्यांपैकी एक पालक, सॅकॅरोमायसीस युबायानस, २०११ मध्ये अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या जंगलात सापडल्याचे जाहीर झाले. हॅन्सेनियास्पोरा या यीस्टच्या प्रजातीला हॅन्सन यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या नावाने सूक्ष्मजीवशास्त्रासाठी दिले जाणारे पदक मिळविणाऱ्यांत मार्टिनस बायरिंक यांचा समावेश होतो.

एका पेशीपासून वाण वाढविण्याची त्यांची कल्पना पुढे पाव, वाइन, मद्यार्क आणि औषधनिर्मितीतही रूढ झाली. महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगर जिल्हा हे या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. करमाडजवळच्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत मद्यार्काचे, तर वाळूज येथे बिअरचे उत्पादन होते. कार्ल्सबर्ग कंपनीचाही कारखाना या जिल्ह्यात आहे. आधुनिक बिअर कारखान्यांत आजही शुद्ध वाण आधी प्रयोगशाळेतील लहान कुपीत, नंतर टप्प्याटप्प्याने मोठ्या टाक्यांत वाढविला जातो.