धम्माच्या शोधातला वाटसरू : आचार्य धर्मानंद कोसंबी



स्मरणिकेत तथागत, फुले, शाहू, बाबासाहेब यांच्यावर लेख असतातच, आणि ते असायलाच हवेत. पण बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला धम्म दिला, त्याच्या पन्नासहून जास्त वर्षं आधी एक मराठी माणूस हाच धम्म शोधत घराबाहेर पडला होता. त्याचं नाव आपल्या घरांत फारसं निघत नाही. म्हणून यंदा आचार्य धर्मानंद कोसंबी यांचं चरित्र थोडक्यात सांगतो.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळचा. जात ब्राह्मण. शिक्षण मराठी शाळेपुरतं, लग्न कोवळ्या वयात. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचण्यात आलं आणि त्या एका लेखानं माणसाचं आयुष्य फिरलं. बुद्धाचा धम्म नीट समजून घ्यायचा, हा एकच ध्यास लागला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुणं, ग्वाल्हेर करत काशी गाठली आणि तिथं संस्कृत शिकले. काशीत अन्नछत्रात जेवून दिवस काढले. ते अन्न त्यांना जातीमुळं मिळालं, हे आपण विसरायचं नाही. आपल्या आज्या-पणज्याला तिथं दारातूनच हाकललं असतं. पण मिळालेली सोय त्यांनी ज्या कामाला लावली, तेही विसरायचं नाही.

काशीहून ते नेपाळला गेले. तिथं धम्माची अवस्था बघून निराश झाले, पण मागं फिरले नाहीत. बोधगया, कलकत्ता करत १९०२ साली सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढं ब्रह्मदेशात राहिले, ध्यान केलं. ना ओळखीचं माणूस, ना आपली भाषा. १९०६ साली ते कलकत्त्याला परतले.

इथं आपल्या माता-भगिनी विचारतील, की घरी बायको-मुलीचं काय झालं? प्रश्न रास्त आहे. पत्नी बाळाबाईंनी लहानग्या मुलीला घेऊन ती सगळी वर्षं काढली. धर्मानंदांच्या पाली पांडित्यात त्या माउलीचाही वाटा आहे, तो चरित्रात लिहिला गेला पाहिजे. परत आल्यावर धर्मानंदांनी चीवर सोडून संसार पत्करला. मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर या दोघांनाही अमेरिकेत शिकवलं. हेच दामोदर पुढं मोठे गणिती आणि इतिहासकार झाले.

कलकत्त्याला धर्मानंद विद्यापीठात पाली शिकवत होते. पण दूरदेशीच्या भिक्खूंनी जे विनामोल दिलं, ते आपल्या मराठी माणसाला पोचवलं नाही तर शिकलो कशाला, असं त्यांचं मन सांगत होतं. कलकत्त्याचा पगार सोडून बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या महिना ५० रुपयांच्या मदतीवर ते महाराष्ट्रात आले. कृतज्ञता म्हणतात ती ही. घेतलेलं पुढच्याला दिल्याशिवाय ते फिटत नाही.

१९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकवली. चिं. वि. जोशी, पु. वि. बापट असे पालीचे पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठानं त्यांना विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी चार वेळा बोलावलं. रशियातही शिकवून आले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

मला मात्र त्यांचं एक काम सगळ्यात जवळचं वाटतं. १९३७ साली त्यांनी मुंबईत परळला बहुजन विहार सुरू केला आणि स्वतः तिथं राहिले. परळ म्हणजे गिरणगाव. पाळीवरून सुटलेला, कपाळावर कापसाचे तंतू चिकटलेला कामगार जिथं राहतो, त्या वस्तीत हा हार्वर्डला जाऊन आलेला पंडित जाऊन बसला. आमच्यासारख्या गिरणीत राबलेल्या माणसाला यातलं मोल कळतं.

त्यांनी मराठीत ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं, ही कथा त्यांनी जशीच्या तशी मानली नाही. शाक्य आणि कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता, तो शस्त्रानं मिटणार नाही हे सिद्धार्थाला उमगलं, असा विचार त्यांनी मांडला. पुढं बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्येही रोहिणीचाच तंटा आला. आपण अकोल्याची, प्रवराकाठची माणसं. उशाला भंडारदरा धरण. पाण्याचा वाद माणसामाणसांत काय करतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

शेवटी शरीर आजारानं थकलं. कुणाला भार नको म्हणून, पार्श्वनाथांच्या परंपरेचा आधार घेऊन त्यांनी अन्न सोडलं आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला देह ठेवला. हा मार्ग बुद्धाच्या मध्यम मार्गात बसत नाही, तो आपण घ्यायचा नाही. गांधीजींशी त्यांची जवळीक होती, तेही आपल्यातल्या पुष्कळांना रुचणार नाही. पण तपासून घ्यावं, पटेल तेवढं घ्यावं, हीच तर तथागतांची शिकवण. तिच्याप्रमाणे कोसंबींनाही तपासावं आणि त्यांचं ऋण मात्र मोकळ्या मनानं मान्य करावं.

ते ऋण फेडायला हारतुरे नकोत. दर पौर्णिमेला विहारात आपण त्रिसरण-पंचशील पालीत म्हणतो. त्या शब्दांचा अर्थ आपल्या मुलांना विचारून बघा. येत नसेल तर सगळ्यांनी मिळून शिकू. रविवारी एक तास पुरे आहे. एका माणसानं ज्यासाठी सात वर्षं देशोदेशी वणवण केली, ते आज आपल्या गल्लीतल्या विहारात मिळू शकतं. आपण फक्त उठून तिथवर जायचं आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!