खोट्या पत्रांमुळे तुरुंगात गेलेला संपादक: आगरकर

मागच्या महिन्यात मी आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. इथल्याच, कोल्हापुरातल्या एका दुकानदाराबद्दल होता. दोन दिवसांनी कळलं, तो एडिट केलेला होता. तोवर पोरांनी त्या माणसाला फोन करून शिव्या घातल्या होत्या. मी मेसेज डिलीट केला आणि गप्प बसलो. तेव्हा आगरकर आठवले. त्यांच्याकडून अशीच चूक झाली होती, तीही कोल्हापूरच्याच प्रकरणात.

गोपाळ गणेश आगरकर 1856 साली कराडजवळच्या टेंभूत जन्मले. घरी गरिबी. तरी शिकून मोठ्या पगाराची नोकरी करणार नाही, असं त्यांनी आईला पत्रानं कळवलं. 1881 मध्ये 'केसरी' निघाला. त्याचे पहिले संपादक आगरकर. (आपल्याला टिळकच वाटतात.)

त्या वेळी कोल्हापूरचे तरुण महाराज, चौथे शिवाजी, यांना वेडे ठरवलं गेलं होतं. त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं. पुरावा म्हणून हातात पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी 1882 मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले 101 दिवस दोघं मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी अहमदनगरला एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर महाराज वारले. म्हणजे महाराजांची काळजी काही खोटी नव्हती, पत्रं खोटी होती. मला हाच भाग सगळ्यात जास्त टोचतो. 'माझा मुद्दा तर बरोबर होता ना' असं मीही मनात म्हणत होतोच की.

आगरकरांनी नंतर त्या 101 दिवसांवर पुस्तक लिहिलं. चूक झाली म्हणून लिहिणं सोडलं नाही.

पुढे आधी समाजसुधारणा की आधी राजकारण, यावरून टिळकांशी बिनसलं. 1887 मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. इंग्रजी बाजू गोखले सांभाळायचे. बालविवाह, विधवांचं केशवपन यांवर आगरकर तुटून पडले. एका कोठडीत राहिलेले मित्र छापील कागदावर एकमेकांना बोचकारू लागले. आगरकरही काही मवाळ नव्हते हं, त्यांची लेखणी चांगलीच झोंबायची. पण सनातन्यांनी तर पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ब्लॉकचं बटण नव्हतं, घरासमोरचा रस्ता होता. त्यांनी पुढचा लेख लिहिला.

1892 मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दमा जुनाच होता. 17 जून 1895 ला, अवघ्या 39 व्या वर्षी ते गेले. अंत्यविधीचा खर्च त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवला होता, असं सांगतात. 'केसरी'त मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

काल मी त्या दुकानात जाऊन आलो. मग ग्रुपवर लिहिलं: तो स्क्रीनशॉट खोटा होता, टाकणारा मी होतो, माफ करा. दुकानदारानं चहा पाजला. ग्रुपवर मात्र अजून कुणी काही बोललेलं नाही.