भिडे वाड्यातल्या बाई



ॲडमिशन घेऊन पुण्याला निघाले तेव्हा चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आजीने एकच काम सांगितलं होतं, सावित्रीबाईंच्या शाळेचा फोटो पाठवायचा. फर्स्ट इयरला आम्ही हॉस्टेलच्या मुली दोनदा दगडूशेठच्या दर्शनाला गेलो. समोरच बुधवार पेठेतला भिडे वाडा. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेला मजला. दोन्ही वेळा मी त्याच्याकडे पाठ करून उभी होते. हीच ती शाळा, हे माहीतच नव्हतं!

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नवव्या वर्षी जोतीराव फुल्यांशी लग्न झालं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या, तेही नवऱ्याकडून. १८४८ मध्ये तात्यासाहेब भिड्यांनी वाड्यात जागा दिली आणि मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला सतरा वर्षांच्या सावित्रीबाई, म्हणजे माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. जाताना अंगावर शेण-चिखल पडायचा, म्हणून त्या जादा लुगडं जवळ ठेवायच्या असं सांगतात. १८४९ मध्ये सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढलं, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. भिडे वाड्यातली शाळा फार दिवस टिकली नाही. पण १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात पुन्हा वर्ग भरले, मग रास्ता पेठेत, पुढे वेताळ पेठेतही. जागा बदलत गेली, बाई त्याच.

१८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी स्वतः धरलं. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

वाड्याचा वाद मात्र वर्षानुवर्षं कोर्टात चालला. निकाल लागल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी महापालिकेने तो पाडला. मी सिव्हिलची, रोज जुन्या इमारतींबद्दल शिकते. पण ही इमारत मी डोळे उघडून एकदाही पाहिली नाही, याची रुखरुख आहे.

नंतर गेले तेव्हा तिथे पत्रे लावलेले होते. त्यांचाच फोटो आजीला पाठवला. यात शाळा कुठे आहे, असं तिने विचारलं. मग फोनवर तिला हे सगळं सांगत बसले. तेच इथे लिहिलंय.

आता दर्शनाला गेलात की एकदा रस्त्यापलीकडेही बघा.